रिकाम्या पोत्याचं वजन

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगायची टाळली, पण तागाच्या पोत्यांचा वास आला की पूर्वेकडच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावची ती राईस मिल आठवते आणि एका जागी बसवत नाही. मिलवाल्यांचे जुने काटे कॉम्प्युटरला जोडून द्यायचं माझं काम होतं. तिथला काटा मी जोडला आणि दोनच दिवसांत कॉम्प्युटर प्रत्येक पोत्यात तांदूळ कमी दाखवू लागला. तांदूळ चोरीला जातोय असं समजून मिलचे शेठजी काट्यावर पोती तोलणाऱ्या, कामठा गावच्या म्हाताऱ्यावर उखडले, "कम्प्यूटर झूठ बोलेगा क्या, काका?" कोंड्यानं माखलेला म्हातारा माझ्याकडे वळला, "साहेब, तुमी तरी सांगा ना जी. माहा काटा बराबर आहे, तुमचा डब्बाच खोटा बोलून राहिला." मी नुसत्या तारा हलवून पाहत राहिलो. त्यानं गमछा झटकला, सायकल काढली आणि काम सोडून गेला. चौथ्या दिवशी त्याच्याच हाताखाली शिकलेला नवा माणूस काट्यावर मला दिसला. तोही म्हाताऱ्यासारखाच आधी रिकामं पोतं ठेवून काटा शून्यावर आणत होता, आणि माझा प्रोग्राम त्याच पोत्याचं वजन पुन्हा वजा करत होता. मी गुपचूप दुरुस्ती केली. आकडे जुळले तसे शेठजी हसले, "देखा, चोर गया, सब बराबर!" तरीही मी बोललो नाही. पुढे एकदा कामठ्याला म्हाताऱ्याच्या दारात गेलो. त्यानं पाणी दिलं, विचारलं, "काटा बराबर चालून राहिला ना जी?" मी हो म्हणालो. आता तो नाही, मीही थकलोय. काका, चूक माझी होती, एवढंच तेव्हा म्हणायचं होतं.