पॅरिस पाहून आलेली शेव

नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. सातवीत शाळा सोडून मी चिपळूणहून इंदुरात आलो आणि स्नेहलतागंजात शेव तळू लागलो. रोज एक कॉलेजवाला यायचा. गरम शेव तोंडात टाकून एक डोळा मिटायचा, म्हणजे घाणा जमला. नाव मी कधी विचारलं नाही.

तो विलायतेला शिकायला निघाला, तेव्हा डब्याच्या झाकणाला मेण लावून मी शेव दिली. बोटीवर खवट झाली तर? वर्षभर तीच धाकधूक.

परतला तो थेट दुकानात.

"भिया, शनिवार-रविवार पॅरिस घुमलो. टॉवरवर चढून डबा खोलला. एकदम कुरकुरीत!"

"आणि तिथंही डोळा मिटलात?"

"एकच ना! दुसऱ्यानं पॅरिस पाहिलं."

मी इंदुरापुढं कधी गेलो नाही. माझ्या हातची शेव मात्र जाऊन आली.