फडक्याआडचं बोलणं

सासरी तिला सगळे अबोली म्हणत. कौतुकाने नव्हे. काहीही विचारा, ‘हो’, ‘बरं’ आणि ‘बघू’ यापलीकडे चौथा शब्द तिच्याकडून मिळत नसे. नवरा चारचौघांत म्हणायचा, “हिच्याशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं, निदान आवाज घुमतो तरी.”

बिचाऱ्याला कल्पना नव्हती. अबोली बोलायची, अगदी भरपूर बोलायची. ती कापडगिरणीत माग चालवत असे. तिथे यंत्रांचा एवढा दणदणाट, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून जुनी माणसं आवाज वाया घालवतच नसत. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. चहाड्या, सोयरिकी, शिव्या, सगळं बिनआवाजी. अशा ठिकाणी मनातलं ठेवायचं तरी कुठे? अबोलीने जागा शोधली होती. कापसाचे तंतू नाकात जाऊ नयेत म्हणून बाकीचे कधीमधी तोंडाला फडकं बांधत, ती दिवसभर बांधायची आणि त्याच्याआड ओठ हलवत सासूपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची. कोण चुकलं, कोणाचं पटलं नाही, आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, सगळं तिथे. संध्याकाळी फडकं सोडलं की पोट हलकं आणि घरात शांतता. तिला ही सोय फार आवडत होती.

मग एक दिवस धोटा उडाला. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा तो लाकडी धोटा, गोफणीतून दगड सुटावा तसा बाहेर आला आणि शेजारच्या मागावरच्या तिच्या मैत्रिणीच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. धोटा अडवणारी जाळी त्या मागावर नव्हतीच. नवा फिटर ती बसवायला विसरला, असं ठरलं. ठरवलं मुकादमाने, आणि मुकादम म्हणजे अबोलीचा सख्खा दीर.

जाळी मुकादमाने स्वतः काढली होती. तुटलेला धागा जोडताना ती आड येते, काम मागे पडतं, म्हणून. अबोलीने त्याला पाना फिरवताना पाहिलं होतं. पण याच दिराने तिचा नवरा आजारी पडला तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला होता, तिला गिरणीत चिकटवलं होतं. घर एक, चूल एक. धोटा उडाल्यापासून ती फडक्याआड तेवढंच म्हणत होती, भाऊजींनी काढली, भाऊजींनी काढली. या खेपेला मात्र फडकं सोडलं तरी पोट हलकं होईना.

चौकशीच्या दिवशी तिला बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीचं काचेचं दार लागलं आणि गिरणीचा आवाज तुटला. तिला ती शांतता सोसेना. फिटर भिंतीला टेकून उभा होता, काळ्या नखांकडे बघत. दीर खुर्चीत बसला होता.

“तुमचा माग शेजारीच आहे,” साहेब म्हणाले. “जाळीचं काही माहीत आहे?”

“वहिनी कामातून डोकं वर काढत नाहीत, साहेब,” दीर मायेने म्हणाला. “त्यांना काय दिसणार?”

“त्यांनाच सांगू द्या. नाहीतर आज या फिटरला काढून टाकतो. फडकं सोडा, बाई.”

तिने गाठ सोडली. बोललं तर घर फुटणार. गप्प बसलं तर हा परका माणूस उघड्यावर पडणार, आणि आपण रोज त्याच मैत्रिणीची भुवई बघत माग चालवायचा. तिने डोळे मिटले आणि सांगून टाकलं.

“बोला ना, बाई,” साहेब म्हणाले.

तिच्या लक्षात आलं. ओठ हलले होते, आवाज निघालाच नव्हता. इतक्या वर्षांची सवय. साहेब मागांच्या खात्यात कधी थांबत नसत, फिटर नवा होता. खोलीत ओठ वाचता येणारा एकच माणूस होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेब त्याच्याकडे वळले. “तुम्हाला येतं ना हे ओठांचं? काय म्हणाल्या त्या?”

दिराने तिच्याकडे पाहिलं. त्याने खरं सांगावं म्हणून तिचा जीव तुटत होता. त्याने सांगितलं असतं तर तिने आयुष्यभर त्याचे उपकार मानले असते.

“म्हणतायत, मला काही माहीत नाही.”

अबोलीला संताप आला. आजवर ती गप्प राहिली ती तिची मर्जी होती. तिच्या तोंडात शब्द घालायची मुभा तिने कुणाला दिली नव्हती. साहेबांनी पेन उचललं.

“नाही.” आवाज खरखरीत निघाला आणि नको तितका मोठा. दाराबाहेरचा कारकून वळून बघायला लागला. “मी असं म्हणाले नाही.”

दिराचे ओठ हलले, आवाज न करता. “वहिनी, संध्याकाळी आपल्याला एकाच घरी जायचंय.”

“हो भाऊजी, जायचंय,” ती मोठ्याने म्हणाली. “साहेब, जाळी या माझ्या दिरांनी काढली. मी पाहिलं.”