कॅसेटची दुसरी बाजू

आमच्या दोह्याच्या घरी दर शुक्रवारी सकाळी दहाला प्रार्थना भरायची, आणि तिची सुरुवात चपलांपासून व्हायची. जिन्यात पंधरा-वीस जोड दिसले की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळणार इथे काहीतरी चाललंय, म्हणून सगळ्यांच्या चपला आत घेऊन न्हाणीघरात ओळीने लावायच्या. मग खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी मोठ्या आवाजावर, आणि गायनं इतक्या हळू की टाळी वाजवायची तीसुद्धा दोन बोटांनी. तेव्हा तिथे चर्च नव्हतं. घरात जमलं तर सहसा कोणी विचारायला येत नसे, पण 'सहसा' या शब्दावर विसंबून कोणाला स्वस्थता मिळत नाही. माझा नवरा गिरीश एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. घर कंपनीचं, व्हिसाही कंपनीचा. दाराची बेल वाजली की मी हातातलं बायबल आधी उशीखाली सरकवायचे, मग बाहेर इस्त्रीवाला का असेना.

चपला आत घेणं आणि दाराशी बसून कानोसा घेणं हे काम रंगनाथ भिंगारदिव्याचं. राहुरीकडचा माणूस, वय पस्तिशीचं, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. रय्यानकडच्या बंगल्यांना पाणी पोचवायचा. गावी म्हातारे आईवडील, बायको हौसा आणि दोन मुलं. वडील केरबामास्तर मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आणि पाळक नसेल त्या रविवारी गावच्या ख्रिस्ती देवळात उभे राहून उपदेश करणारे. रंगनाथला बोलायला फारसं यायचं नाही. एकोणऐंशी साली पहिल्यांदा आला तेव्हा गिरीशने विचारलं, "प्रार्थना कराल का?" तर म्हणाला, "मी दाराकडं बघतो, साहेब. तुम्ही करा." तेव्हापासून दार त्याचं झालं.

पुढे दहा वर्षं तो त्याच जागी बसला. पण त्या दहांतली पहिली चार वर्षं वेगळी आणि नंतरची सहा वेगळी. मधे काय झालं ते दोह्यात मला आणि गिरीशलाच ठाऊक होतं. आता रंगनाथ आपल्या गावी आहे, आणि त्यानेच 'सांगा कुणालाबी' म्हटलंय, म्हणून सांगते.

पहिली चार वर्षं त्याचे कान जिन्यावर असत, प्रार्थनेत नव्हेत. मला ते दिसायचं, पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? डोळे मिटून मी गॅसवरच्या पुलावाचा अंदाज घेत असे. धाक होता तो बाहेरच्या माणसाचा. आत कोण पेंगतंय, कोणाचं मन कुठे हिंडतंय, याची राखण कोणी करत नव्हतं. आम्हाला वाटायचं, इतकं लपूनछपून करतोय म्हणजे आपली श्रद्धा जागी असणारच.

मग कॅम्पात व्हिडिओ आला. रंगनाथ राहायचा त्या मजूर कॅम्पातल्या एका खोलीत शुक्रवारी सकाळपासून लागोपाठ तीन पिक्चर लावायचे. आमच्या प्रार्थनेतली माणसं एकेक करून गळायला लागली. कोणाला ताप, कोणाला पोटदुखी. दुखणी सगळी शुक्रवारीच यायची. रंगनाथ मात्र येत राहिला, कारण चपलांचं काम कोण करणार. त्याचं व्यसन निराळं होतं. सूक वाकिफच्या बाजारातून त्याने एक टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, घेतला होता, आणि त्याचा जीव त्या रेडिओत अडकला होता.

गावीही त्याने एक टेपरेकॉर्डर धाडला होता. त्या वर्षांत आखातातल्या माणसांची पत्रं कॅसेटवर चालत. घरच्यांनी एका बाजूला बोलायचं, रजेवरून परतणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती धाडायची. इकडच्याने ऐकायची, उलटायची, दुसऱ्या बाजूवर आपलं उत्तर भरायचं आणि रजेवर जाणाऱ्याबरोबर तीच परत पाठवायची. दुसरी बाजू नेहमी उत्तरासाठी कोरी. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत हौसाची कॅसेट आली. रंगनाथने दोन दिवस थोडी थोडी ऐकली. धाकट्याचा खोकला, कौलं फुटलीत, शेळी व्यायली, मामंजींचं अंग सुजतंय. मग शेजारच्या खोलीतून हाक आली की पिक्चर सुरू होतोय, आणि हा मधेच बटण दाबून उठला. खोलीतला त्याचा सोबती इनायत, रत्नागिरीकडचा. पाच वेळचा नमाज कधी न चुकवणारा, आणि जिभेने तिखट. तो म्हणाला, "अरे रंगनाथा, आमी नमाज मोडून उठत नाय, नि तू बायकोचा बोलणा मोडून उठतंस." रंगनाथ हसला. उरलेलं नंतर ऐकू म्हणाला, आणि कॅसेट उशीखाली गेली.

रेडिओवर शुक्रवारी अकराला फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम असे. रंगनाथने इनायतकडून उर्दूत पोस्टकार्ड लिहून घेऊन धाडलं होतं. पुढच्या एका शुक्रवारी आपलं नाव येणार अशी त्याला का कोण जाणे खात्री वाटली. आम्हाला निरोप आला, ताप आहे. मला आठवतं, त्या दिवशी चपला मी आत घेतल्या आणि मनात म्हटलं, गेला हाही.

तापबीप काही नव्हता. तो खाटेवर टू-इन-वन मांडीवर घेऊन बसला होता. नाव रेडिओवर येणार तर ते भरून ठेवायला हवं. कोरी कॅसेट नव्हती, शुक्रवारी सकाळी दुकानं बंद. त्याने उशीखालची कॅसेट काढली, उलटी घातली आणि लाल बटण दाबलं. कोरीच बाजू होती ना ती, उत्तराची. उत्तर दुसऱ्या कॅसेटवर देऊ. निवेदिकेने खरोखर त्याचं नाव वाचलं. पुढचे दोन आठवडे तो अख्ख्या कॅम्पाला ते ऐकवत होता. नाव आणि त्यामागचं गाणं झालं की बंद करायचा.

मार्चमध्ये कंपनीच्या ऑफिसात तार आली. केरबामास्तर गेले. देशाबाहेर पडायचा परवाना, तिकीट हे सगळं होईतो माती कधीच होऊन गेली असती, म्हणून तो गेला नाही. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो दाराशीच बसून होता.

एप्रिलमध्ये हौसाचं पत्र आलं. ते पत्र त्याने मला मे महिन्यात दाखवलं, तोवर ते खिशात घडी घडी होऊन फाटायला आलं होतं. तिने लिहिलं होतं: 'कॅसेटच्या शेवटी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या बाजूवर मामंजी तुमच्यासाठी बोलले आहेत. बोलताना आम्हा सगळ्यांना त्यांनी बाहेर काढले. आत्याबाईंनाही थांबू दिले नाही. ते काय बोलले ते कोणाला ठाऊक नाही. आत्याबाई रोज विचारतात, रंगनाथचे पत्र आले का, ह्यांनी काय सांगितले. तरी लवकर कळवावे.'

मी पत्र वाचलं तेव्हा प्रार्थना संपून सगळे गेले होते. रंगनाथ जमिनीवर बसला होता. मधल्या महिन्यात त्याचा चेहरा अर्धा झाला होता, टँकर एकदा दुभाजकावर चढवला होता, आणि आम्हाला वाटत होतं बापाचं दुःख आहे.

"मग काय बोलले मास्तर?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. ताप नव्हता इथपासून सगळं, एका दमात, माझ्याकडे न बघता.

मी तोंडाची फटकळ. म्हणून गेले, "बापाच्या शेवटच्या शब्दांवर तुम्ही पिक्चरची गाणी भरलीत?"

गिरीशने माझ्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटली. पण शब्द गेला होता. रंगनाथ म्हणाला, "भरली, वहिनी. अन् शेवट ऐकला असता तर भरली नसती. हौसानं सांगितलं व्हतं शेवटी. म्या शेवट ऐकलाच न्हाई."

"काही उरलंय का बाकी?" गिरीशने विचारलं.

तेच त्याला कुरतडत होतं. बाजू तीस मिनिटांची. कार्यक्रमही अर्ध्या तासाचा म्हणायचे, पण बातम्यांसाठी दोन-तीन मिनिटं आधी आटपायचा, आणि कार्यक्रम संपताच त्याने बटण बंद केलं होतं. म्हणजे शेवटी थोडी फीत तशीच असणार. तिच्यावर मास्तर असतील, किंवा नसतील. मास्तर पाचच मिनिटं बोलले असतील तर सगळं गाण्यांखाली गेलं. महिनाभर कॅसेट त्याच्या खिशात होती आणि त्याने लावली नव्हती.

"जूनमधी रजा हाय," तो म्हणाला. "घरात पाऊल टाकलं की आई इचारणार. काय सांगू? कायतरी रचून सांगता येईल. चांगलं वागा, भक्ती करा, आसंच बोलले आसतील. आबा दुसरं काय बोलणार. पर आईला मी आबाच्या नावानं खोटं सांगू का?"

मला खरंतर तेव्हा वाटलं, सांगावं. म्हातारीला समाधान. पाच मिनिटांपूर्वी त्याला टोचून बोललेली मी, आणि लबाडी मात्र मलाच सुचत होती. दर शुक्रवारी शास्त्र उघडून बसणाऱ्या बाईची ही कथा. मी गप्प राहिले हेच नशीब.

गिरीश म्हणाला, "आधी ऐकू. मग ठरवू."

"माझ्यानं एकट्यानं होत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "म्हणून आणली."

त्याने शर्टाच्या खिशातून कॅसेट काढली. आमचा टेप जेवणाच्या टेबलावर होता. खिडक्या अजून बंदच होत्या. गिरीश फीत पुढे पळवायला निघाला तर रंगनाथने त्याचा हात धरला. "पळवू नका. पयल्यापासून लावा. मधी कुठं असंल तर."

असणार नव्हतं मधे, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण लावली. अठ्ठावीस मिनिटं आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो, बसायचं कोणाला सुचलं नाही. निवेदिकेचं लाडिक बोलणं, साबणाची जाहिरात, गाणी. दुसऱ्या गाण्याच्या आधी ती म्हणाली, "दोहा से रंगनाथ साहब की फर्माइश है." रंगनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्या नावासाठी एवढं केलं ते ऐकवत नव्हतं त्याला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पंचवीस मिनिटं. सत्तावीस. शेवटचं गाणं पुरं न होता कापलं गेलं, निवेदिकेने खुदा हाफिज म्हटलं, आणि खट् असा आवाज आला.

मग नुसती खरखर. गिरीशने आवाज वाढवला. खरखर वाढली. मला वाटलं, संपलं, काही नाही. रंगनाथ ओणवा होऊन टेपाशी कान नेऊन उभा होता, जिन्यावर पाय वाजला की दाराशी उभा राहायचा तसा.

आणि मास्तरांचा आवाज आला. धाप लागलेला, सावकाश, पण स्पष्ट.

"...एवढंच सांगायचं व्हतं. आमेन."

खोकला. बराच वेळ खोकला. दूरवर कुठेतरी शेळी ओरडली. मग खाट करकरली, आणि मास्तरांनी हाक मारली, "हौसे, ये आत. झालं माझं. हे बंद कसं करायचं असतं?"

दार वाजलं. हौसाचा आवाज, आधी लांबून, मग जवळून. "थांबा मामंजी, तुम्ही नका उठू. मी करते."

"समदं उतरलं का गं ह्याच्यात?"

"उतरलं असंल की."

"ऐकंल ना तो? शेवटपातुर ऐकंल ना?"

"ऐकतील की मामंजी. सुट्टीच्या दिशी त्यांना तिथं दुसरं काय काम असतंय?"

खट्. फीत संपली आणि टेपचं बटण आपोआप वर आलं.

खाली रस्त्यावर एक गाडी हॉर्न वाजवत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात आवाज झाल्यावर मी दाराकडे पाहिलं नाही. रंगनाथ तसाच ओणवा उभा होता, बंद टेपाकडे तोंड करून.

"न्हाई ऐकलं, आबा," तो म्हणाला. मग सरळ उभा राहिला, डोळे पुसले आणि मला म्हणाला, "आईला बी हेच सांगतो."

जूनमध्ये तो गेला आणि त्याने तेच सांगितलं. परतल्यावर तो पुन्हा दाराशीच बसू लागला, पण शेवटच्या आमेनपर्यंत त्याचे कान आत असत.