पाटी न लावलेली लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. माणूस मनाने लोण्यासारखा, पण कामात खाष्ट. हातात पाना घेण्याआधी प्रत्येक मजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटी लागलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. "पाटी नसली की माणूस बटण दाबत उभा राहतो आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणतो," असं ते सांगत.

गेल्या वर्षी काकांचंच अडलं. सकाळी उठवेना, घास गिळवेना, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसलं की रडू कोसळे. काकूने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उदासीवरची गोळी सुरू झाली आणि हळूहळू स्वारी शीळ घालत जिना उतरू लागली. काकू घरी कपडे शिवत असे. तिच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाला पुन्हा टोमणे मिळू लागले. तिला आभाळ ठेंगणं झालं.

एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. काकूला जवळ घ्यावंसं काकांना वाटेना, आणि कधी वाटलंच तर शरीर साथ देईना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे बोलायचं तरी कुणाशी? मग ते तिच्याआधी अंथरुणात शिरून भिंतीकडे तोंड करून घोरू लागले. घोरणं खोटं होतं आणि तेही त्यांना धड जमत नव्हतं.

शेवटी त्यांनी धंद्यातलं डोकं चालवलं. बिघाड सापडत नसला की एकेक तार सोडवून बघायची. आपल्यातली नवी तार कोणती, तर गोळी. सोडवली, कुणाला न विचारता.

अहो, माणूस म्हणजे काय कंट्रोल पॅनल आहे? घेरी येऊ लागली, डोक्यात विजेसारखे झटके बसू लागले, आणि एके दुपारी शिडीवर हातपाय लटपटले. काका तसेच घरी आले, शिलाई मशीनशेजारी बसकण मारली आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

काकूच्या हातातली कात्री तशीच राहिली. "म्हणजे हे गोळीमुळे? आणि मी समजत होते, मी नकोशी झाले! केस रंगवले मी, मूर्खासारखे. तुमचं लक्ष तरी गेलं का?"

"गेलं होतं. म्हणून तर भिंतीकडे तोंड केलं."

"जगाला पाट्या लावत फिरता, घरात एक लावता आली नाही? मी आपली बटण दाबत उभी!" ती रागाने बोलत होती आणि डोळे पुसत होती.

दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. असं पुष्कळांचं होतं, बाई म्हणाल्या; फक्त गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आधी ती पुन्हा सुरू करून तब्येत सावरू द्या, मग डोस हळूहळू कमी करून बघू, नाहीतर औषध बदलू. काका चोरासारखे बसले होते. प्रश्न सगळे काकूने विचारले.

डोस आता थोडा उतरलाय. ओढ परत येतेय, शरीराचा अजून भरवसा नाही. परवा दुपारी काकू शिवण बाजूला ठेवून शेजारी येऊन आडवी झाली. काका सवयीने भिंतीकडे वळले, थांबले आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

"आज काही जमेलसं वाटत नाही गं."

"बरं झालं सांगितलंत." तिने त्यांचा हात ओढून आपल्या कमरेवर ठेवला. "लिफ्ट बंद आहे म्हणून कुणी घरी जायचं थांबतं का? जिना आहे की. दम लागला तर मध्ये बसू."