मतपत्रिकेवरची सही

माय सही शिकली ती साक्षरतेच्या वर्गात. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी तो वर्ग भरायचा. कापूस वेचून बोटं सोललेली, तरी ती पाटी सोडत नसे. बाई सगळ्यांना एकच सांगत, आजवर जिथे अंगठा दिला तिथे आता आपलं नाव लिहायचं.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी घरी आले, तेव्हा कॉलेजच्या शिबिरात ऐकलेलं मी भीतभीत मायला सांगितलं. मत मागायला येईल त्याला प्रश्न विचार. कुणी सांगितलं म्हणून देऊ नकोस. आमच्या घरची मतं तोवर काका ठरवत, आणि आबा धाकट्या भावाचा शब्द मोडत नसत.

मायने खरंच विचारलं. काकांचा उमेदवार दारात आला तेव्हा पदर सावरत म्हणाली, "भाऊ, आमनी गल्लीमा नळ कव्हय येई?"

तो हसला, सगळं होईल म्हणाला. "अक्का, बठ्ठं व्हई जाई."

त्याच्या विरोधात एक बाई उभ्या होत्या. मायने त्यांनाही विहिरीवर तेच विचारलं. त्या म्हणाल्या, नळ एवढ्यात होणार नाही, आधी टाकी लागेल. पण बंद पडलेला हातपंप मी दुरुस्त करून घेईन.

"हाई बाई खोटं नही बोलनी," माय घरी येऊन मला म्हणाली. तिचं ठरलं होतं.

मत देऊन परतताना तिने माझ्या कानाशी सांगितलं, "मी शिक्का मारा, आनि खाले सही बी करी. मत मनं शे ना!"

इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती. मतपत्रिकेवर नाव लिहिलं की मत बाद होतं, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

मतमोजणीला काका तालुक्याला गेले होते, उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून. संध्याकाळी आले ते अंगणातूनच ओरडत.

"वहिनी, तुम्हीन ते भलत्याच शिकी ग्यात! साहेबनी तुमनी चिठ्ठी बठ्ठासले दखाडी. आपला माणूसना इरोधमा शिक्का, आनि खाले तुमनं नाव! मत बी गयं, इज्जत बी गई."

आबा अर्ध्या जेवणावरून उठले. पुढे कितीतरी दिवस ते मायशी बोलले नाहीत. त्या बाई पडल्या होत्या, पण मायने त्यांचं विचारलं नाही. चुलीपाशी बसून तिने मला एवढंच विचारलं, "मंग मनं मत मोजंच नही?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

नंतर एकदा रेशनच्या दुकानात मी तिच्यासोबत होते. दुकानदाराने कौतुकाने पेन पुढे केलं. "अक्का, आते सही करतस ना?" मायने पेन बाजूला सारलं आणि अंगठा शाईच्या डबीत बुडवला.

पुढच्या निवडणुकीला मी गल्लीतल्या बायकांना आमच्या घराच्या ओट्यावर जमवून समजावत होते. विचारून, पारखून मत द्या. शिक्का एकाच चिन्हावर मारा. आणि कागदावर आपलं नाव लिहू नका.

माय दारात बसून ऐकत होती. ती उठून आत गेली.