ओट्यावरचे सॉसेज

लग्न होऊन कर्जतच्या या घरात आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी नियम सांगितला. ओट्याशेजारी देव्हारा आहे, तिथे वशाट शिजणार नाही. खायचंच असेल तर मागच्या गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. मी कशेळ्याजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. सुक्या मासळीवाचून आमचा पावसाळा सरत नाही. "एवढं ऐक, तिचं वय झालंय," असं नवरा म्हणाला. ऐकलं. वर्षानुवर्षं गॅलरीत उकिडवं बसून सुका जवळा परतला. वारा आला की शेगडी विझायची आणि शेजारीण धाडकन खिडकी लावायची.

गेल्या हिवाळ्यात परदेशातला धाकटा दीर सुटीवर आला. येताना मुंबईहून कोंबडीच्या खिम्याचे ताजे सॉसेज घेऊन आला. मी पुडकं उचलून सवयीने गॅलरीकडे निघाले.

"अगं, तिकडे कुठे? ओट्यावरच कर. त्याला गरम लागतं," सासूबाई म्हणाल्या. देव्हाऱ्याची दारं त्यांनी स्वतः लोटली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

रागात मी गॅस मोठा केला, तर पहिल्याचं साल फुटून खिमा तव्यावर सांडला.

"मंद आचेवर, वहिनी," दीर म्हणाला. मग मी वाटीभर पाणी घालून झाकण ठेवलं. पाणी आटल्यावर तेल सोडलं आणि उलटसुलट करत लालसर भाजले. वास पार जिन्यापर्यंत गेला.

"काही म्हण, याला मेला वास म्हणून नाही," सासूबाई म्हणाल्या.

वास होता, चांगला होता. पण त्यांना तो फक्त माझ्या माहेरच्या जेवणाला यायचा! माझी मुलगी ताटली पुढे करून आणखी मागत होती, म्हणून मी तिला वाढत राहिले.

दीर परत गेल्यावर मी माहेरी जाऊन आले. निघताना आईने जवळ्याची पिशवी हातात कोंबली. "नातीला घाल गं. आमच्या घरची चव तिला कळलीच नाय तर आमी तिचे कोण?"

दुसऱ्या दिवशी मी कांदा चिरला आणि जवळा ओट्यावरच टाकला, देव्हाऱ्याशेजारी, सॉसेज भाजले त्याच शेगडीवर. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोला, मी मनात म्हटलं, आज एकदाचं बोलाच. इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं.

त्या बोलल्याच नाहीत. आतून मुलगी धावत आली, नाक दाबून.

"शी! आई, हे घरात का करतेस? गॅलरीत कर ना!"

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. माझं उत्तर त्यांच्यासाठी तयार होतं. पोरीला काय सांगायचं ते मला सुचेना. मी गॅस बंद केला.