रोटाव्हेटर आणि पाच चिंध्या

माझी जमीन वारज्यात, वीस गुंठे. तीन बाजूंनी सोसायट्या आणि चौथ्या बाजूला रस्ता. एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रॅक्टर घेणारा माणूस म्हणजे टक्कल पडल्यावर कंगव्यांचा सेट घेणारा. मी दोन्ही केलंय.

शाळेत चौथीपर्यंत गेलो. चौथीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, राहू दे. त्यामुळे माझी पाटी कोरी आणि शोरूमवाल्याला त्यावर लिहायला सोपं गेलं. तो म्हणाला, "काका, हा मिनी आहे, झाडांच्या मधून फिरतो." म्हटलं, द्या. मग म्हणाला, नुसता ट्रॅक्टर काय करणार, मागं काहीतरी जोडायला पाहिजे. म्हणून तीन फुटी रोटाव्हेटर घेतला, ती फिरणारी पाती असतात ना, माती भुगा करतात, तो. मग फण घेतले. मग सऱ्या पाडायचं घेतलं, छोटी ट्रॉली घेतली. सगळं घरी आल्यावर ते ठेवायला शेड मारलं, त्यात एक गुंठा गेला. राहिले एकोणीस.

जोडून द्यायला मिस्त्री आला होता. जाताना म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. चिंधी, सुतळी, प्लास्टिक, काहीही दिसलं की आधी उचलायचं. पात्यात गुंडाळलं की आतलं सील गेलंच."

उभ्या आयुष्यात मी कुणाचं नीट ऐकलं नाही. नेमकं त्याचं ऐकलं.

आता अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा माहेरी आली ती कायमचीच. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. सातबाऱ्यावर नाव माझं, पण शेती तिची. सकाळी पाटी घेऊन समोरच्या सोसायटीच्या गेटवर बसायची आणि दहाच्या आत रिकामी पाटी घेऊन यायची. कारण तिची वांगी. पांढरट हिरवी, काटेरी, लिंबाहून जरा मोठी. देठ धरला की बोटाला टोचणारच. गेटवरच्या बायका आदल्या दिवशी सांगून ठेवायच्या, "अक्का, उद्या अर्धा किलो माझी बाजूला काढा हं, पाहुणे आहेत."

ते बी आमच्या आईचं. माघात चांगली चार-पाच झाडं बघायची, प्रत्येकावर एक वांगं राखायचं आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कुणी तोडायचं नाही. वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग बी काढून, राखेत घोळून वाळवायचं. पेरून उरलं तर वाटून टाकायचं. शिळं बी घरात ठेवायचं नाही, हा आईचा नियम. म्हणजे दरवर्षी सगळं त्या चार-पाच वांग्यांवर.

ट्रॅक्टर आला तेव्हा अक्कानं त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला कोपऱ्यात नेऊन दाखवलं. "ही पाच बियाची झाडं हायेत. महिनाभर तुझं हे धूड हिकडं आणू नकोस. मंग काय नाचायचं ते नाच."

"अगं अक्का, मी काय खुळा हाय का?"

"ते मला इचारू नको."

त्यानंतर आठवडाभरानं मी पहिल्यांदा रोटाव्हेटर लावला. सकाळची वेळ, अक्का गेटवर. मी गॉगल घातला, डोक्याला उपरणं बांधलं. तिन्ही सोसायट्यांच्या गॅलऱ्यांत चहाचे कप घेऊन माणसं उभी. पोरं हात करत होती. मी पण हात करत होतो, एका हातानं स्टिअरिंग. रिकामं रान होतं ते तासाभरात झालं. मग मी ते पुन्हा एकदा केलं. मातीचं अगदी पीठ झालं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून एक रिटायर काका अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, संपलं वाटतं? आम्हाला वाटलं, आपण दुपारपर्यंत चालवाल."

एवढं बास झालं मला. मी वळून कोपऱ्याकडं बघितलं.

विसरलो म्हणालो तर ते खोटं. सगळं आठवत होतं. मनात म्हटलं, झाडांच्या कडेकडेनं एक फेरी मारू, झाडांना हात लावायचाच नाही. पण चुकून एखादी चिंधी पात्यात गेली तर? मिस्त्रीचं बोलणं आठवलं. खाली उतरलो आणि पाचही चिंध्या सोडल्या. गाठी पक्क्या होत्या, एक तर दातानं सोडली. नीट घड्या घातल्या आणि सीटखालच्या टूलबॉक्समध्ये ठेवल्या. मशीनची एवढी काळजी घेतली मी.

आणि गंमत बघा. चिंधी निघाली आणि ती नुसती वांग्याची वाळकी झाडं झाली, बास. पानं गळलेली, काटक्या राहिलेल्या. चिंधी होती तोवर मला धाक होता. ती गेल्यावर मी आणि माझा गॉगल, दोघंच. कडेकडेनं गेलो, वळायला जागा कमी पडली, रोटाव्हेटर वर उचलायचा दांडा ओढायला उशीर झाला. दोन झाडं गेली. मग म्हटलं, आता तीन ठेवून तरी काय, ओळ वाकडी दिसेल. हे असं खरंच मनात आलं माझ्या. ओळ वाकडी दिसेल.

वरून काकांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का आली ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन. मी मातीत गुडघ्यावर बसून वांग्याचे तुकडे वेचत होतो. तिनं पाटी खाली ठेवली. एक तुकडा घेतला, अंगठ्याचं नख लावून बी बघितलं. पांढरं, मऊ.

"कच्चं हाय," म्हणाली. तुकडा खाली ठेवला, टाकला नाही, ठेवला. आणि हातपाय धुवायला गेली. त्या दिवशी जेवायला तिनंच वाढलं. मला वाटत होतं, दोन शिव्या दे, ताट फेक. तिनं भाजीत मीठ बरोबर आहे का तेवढं विचारलं.

मग मी बी शोधायला निघालो. अक्कानं ज्यांना ज्यांना उरलेलं बी वाटलं होतं त्यांची आठवण काढली. एका घरी म्हणाले, आता रोपं नर्सरीतून आणतो. दुसऱ्यांनी जमीनच विकली होती. शेवटी विश्रांतवाडीच्या मामेभावाचं नाव राहिलं, त्याच्या बायकोनं अगदी मागून बी नेलं होतं. स्वारगेटला बस बदलून गेलो. परसबाग होती तिथं फरशी आणि दोन गाड्या.

वहिनी म्हणाल्या, "अय्या, भावजी, त्या वांग्यांसाठी एवढ्या लांब आलात? थांबा, मी आत्ता मोबाईलवरून मागवते, दहा मिनिटांत येतील."

आली पण दहा मिनिटांत. जांभळी, चकचकीत, एकाला काटा नाही. त्यांनी पिशवीत घालून दिली. मी ती घरी आणली. अक्कानं बघितली आणि भाजी केली.

पावसाळ्यात तिनं नर्सरीची रोपं लावली. वांगी भरपूर लागली. गेटवरच्या एक बाई म्हणाल्या, "अक्का, पहिल्यासारखी नाहीत हो ही." अक्का म्हणाली, "व्हय ताई, बी बदललं." बदललं म्हणाली. कुणी बदललं ते नाही सांगितलं. मी शेजारी ट्रॉलीतून पाट्या उतरवत होतो. मान वर केली नाही. आता दहा वाजले तरी तिची पाटी अर्धी असते.

ट्रॅक्टर आहे अजून. गणपतीत मंडळाला लागतो, कुणाचं सामान हलवायचं असलं की लागतो. शेताला वर्षातून दोन तास.

या माघात इंजिनचं ऑइल बघायला पट्टी काढली आणि पुसायला फडकं पाहिजे म्हणून टूलबॉक्समध्ये हात घातला. हाताला आलं ते मऊ सुती कापड. हिरवं, लाल काठाचं, घडी घातलेलं. पट्टीवरून ऑइल गळून माझ्या पायावर पडत होतं आणि मी ती चिंधी धरून उभा. अक्का मागं कधी आली कळलंच नाही.

"थांबलास का?" म्हणाली. "पूस की. आता ती मोकळीच हाय."

मी पट्टी सदऱ्याला पुसली.